मिटलेली मूठ आणि उघडलेला ग्रंथ : बॅरन पावेल शिलिंग यांचे जीवनकार्य

इ. स. १८३७ हे वर्ष बौद्ध विद्येच्या इतिहासात संस्मरणीय आहे. याच वर्षी कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांनी सांचीच्या स्तूपावरील लहान लहान दानलेखांत पुनःपुन्हा येणारा 'दानं' हा शब्द ओळखला, आणि त्या धाग्यावरून सम्राट अशोकाच्या धम्मलिपीचा उलगडा केला. याच वर्षी श्रीलंकेत जॉर्ज टर्नर यांनी 'महावंसा'चा पाली पाठ इंग्रजी भाषांतरासह छापून जगासमोर ठेवला. आणि याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात रशियाची तत्कालीन राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे एका सरदार घराण्यातील उच्चपदस्थ अधिकाऱ्याचे निधन झाले. त्यांचे नाव बॅरन पावेल ल्वोविच शिलिंग. विद्युत्-तारायंत्राच्या आद्य संशोधकांपैकी एक म्हणून विज्ञानाचा इतिहास त्यांना ओळखतो. परंतु तिबेटी व मंगोल भाषांतील बौद्ध ग्रंथांचा युरोपातील त्या काळचा एक अत्यंत मोलाचा संग्रह त्यांनी उभा केला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी परिचित नाही.

प्रिन्सेप यांनी एक विसरलेली लिपी वाचली. शिलिंग यांचा तर लिपी बंद करणे हाच शासकीय व्यवसाय होता. रशियन परराष्ट्र खात्याच्या गुप्तलिपी विभागाचे ते प्रमुख होते. ज्या माणसाचा दिवस राज्यसत्तेची अक्षरे कुलूपबंद करण्यात जात असे, त्याच माणसाच्या हातून तथागतांच्या वचनांचे शंभराहून अधिक खंड विद्वानांच्या अभ्यासिकेत येऊन पोहोचले. हे कसे घडले, त्यात कोणाचे श्रम होते, आणि त्या घटनेचे मोल आपण कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कुळ, शिक्षण आणि सेवा

शिलिंग यांचा जन्म १६ एप्रिल १७८६ रोजी बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील रेवाल या नगरात झाला. आजच्या एस्टोनिया देशाची राजधानी टॅलिन ती हीच. घराणे मूळचे जर्मन, परंतु रशियन साम्राज्याच्या सेवेत स्थिरावलेले. वडील लष्करात एका पलटणीचे प्रमुख होते आणि ती पलटण व्होल्गा नदीकाठच्या कझान शहरी असे. त्यामुळे मुलाचे बालपण कझानमध्ये गेले. हे शहर रशियन आणि तातार अशा दोन संस्कृतींच्या सीमेवर वसलेले. पूर्वेकडील भाषा, पूर्वेकडील वेष आणि पूर्वेकडील व्यापारी हे तेथील बाजारात रोजचेच दृश्य होते. पुढे १८३३ मध्ये युरोपातील मंगोल भाषेचे पहिले अध्यासन याच शहराच्या विद्यापीठात स्थापन झाले.

त्या काळच्या सरदार घराण्यांतील रिवाजाप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षीच मुलाचे नाव वडिलांच्या पलटणीच्या पटावर चढले. नंतर सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी विद्यालयात शिक्षण घेऊन १८०२ मध्ये ते अधिकारी झाले. कौटुंबिक कारणास्तव त्यांनी लवकरच लष्कर सोडले व परराष्ट्र खात्यात प्रवेश केला. त्यांची नेमणूक म्युनिक येथील रशियन वकिलातीत झाली. त्यांचे सावत्र वडील तेथे रशियाचे प्रतिनिधी होते. जन्माने मिळालेली प्रतिष्ठा आणि आप्तांचा आधार यांवर त्यांची कारकीर्द सुरू झाली, हे येथे स्पष्ट नमूद केले पाहिजे. पीटर बादशहाने १७२२ मध्ये रशियन शासनसेवेची चौदा श्रेणींची उतरंड आखून दिली होती. त्या उतरंडीत सेवेच्या बळावर वर चढता येत असे हे खरे. तथापि ज्या कोट्यवधी भूदासांच्या श्रमांवर ही सारी उतरंड उभी होती, त्यांना तिच्या पहिल्या पायरीवरही सहसा पाय ठेवता येत नसे. भूदासप्रथेचा अंत रशियात १८६१ साली, म्हणजे शिलिंग यांच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी झाला.

म्युनिकमध्ये शिलिंग यांची मैत्री सॅम्युएल थॉमस फॉन सोमरिंग या वैद्यक व शरीररचनाशास्त्राच्या विद्वानाशी झाली. सोमरिंग यांनी १८०९ मध्ये विजेच्या साहाय्याने संदेश पाठविण्याचे एक यंत्र तयार केले होते. त्यात प्रत्येक अक्षरासाठी एक तार असे आणि तारेच्या टोकाशी पाण्यात उठणाऱ्या बुडबुड्यांवरून अक्षर ओळखावे लागे. हे यंत्र व्यवहारात उपयोगी पडणारे नव्हते, परंतु त्याने शिलिंग यांच्या मनात कायमचे घर केले. १८१२ मध्ये त्यांनी विजेच्या ठिणगीने नेवा नदीत पाण्याखालील सुरुंग उडवून दाखविला. पुढे नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते पुन्हा लष्करात दाखल झाले, १८१४ च्या फ्रान्समधील मोहिमेत लढले आणि शौर्याबद्दल त्यांना तलवारीचा मान मिळाला.

शिळाछाप आणि गुप्तलिपी

युद्ध संपल्यावर ते परराष्ट्र खात्यात परत आले. या वेळी त्यांच्या मनात एक नवी कला भरली होती. आलोइस सेनेफेल्डर यांनी शोधून काढलेली शिळाछापाची पद्धत त्यांनी जर्मनीत पाहिली होती. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक लिपीसाठी वेगळे खिळे ओतावे लागतात. शिळाछापात मात्र हाताने लिहिलेले कोणतेही अक्षर, कोणताही नकाशा किंवा कोणतेही चित्र दगडावर उमटवून त्याच्या प्रती काढता येतात. परराष्ट्र खात्यासाठी शिलिंग यांनी १८१६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे शिळाछापखाना सुरू केला. रशियातील शिळाछापाच्या इतिहासाचा आरंभ याच सुमारास होतो. शासकीय कागदपत्रांसाठी उभारलेल्या या कलेचा उपयोग त्यांनी चिनी अभिजात ग्रंथांच्या सुबक प्रती काढण्यासाठीही केला. हजारो चिन्हांच्या चिनी लिपीचे खिळे युरोपात सहज मिळण्यासारखे नव्हते. दगडाने ती अडचण दूर केली.

त्याच काळात त्यांच्याकडे गुप्तलिपीचे काम आले. वकिलातींशी होणारा पत्रव्यवहार शत्रूच्या हाती पडला तरी त्याला तो उमगू नये, यासाठी सांकेतिक लिपी तयार करणे हे या विभागाचे काम होते. शिलिंग यांनी एकेका अक्षराऐवजी दोन-दोन अक्षरांच्या जोडीला सांकेतिक रूप देणारी पद्धत प्रचारात आणली. याचा अर्थ असा की, एकाच माणसाच्या मेजावर दोन परस्परविरोधी साधने एकत्र नांदत होती. एक साधन अक्षर लपविण्याचे, तर दुसरे अक्षर पसरविण्याचे.

पूर्वेकडील भाषांच्या अभ्यासाने शिलिंग यांना निकीता बिचुरीन या विलक्षण विद्वानाशी जोडले. बिचुरीन हे ख्रिस्ती भिक्षू होते. त्यांचे धर्मनाम याकिन्फ. पेकिंग येथील रशियन धर्मपीठाचे प्रमुख म्हणून १८०७ ते १८२१ पर्यंत चीनमध्ये राहून त्यांनी चिनी भाषेवर प्रभुत्व मिळविले. मात्र धर्मकार्याकडे दुर्लक्ष केल्याचा ठपका ठेवून धर्मसत्तेने त्यांना एका बेटावरील मठात बंदिवासात ठेवले. त्यांची १८२६ मध्ये सुटका झाली आणि परराष्ट्र खात्यात भाषांतरकार म्हणून नेमणूक झाली. त्यामागे शिलिंग यांचे प्रयत्न होते. एका अधिकाऱ्याने आपले वजन एका बंदिवान विद्वानासाठी खर्च केले, ही त्यांच्या चरित्रातील गौरवास्पद बाब होय. त्यानंतर लवकरच रशियाच्या विज्ञान अकादमीने शिलिंग यांना पौर्वात्य साहित्य व पुरातत्त्व या विषयासाठी आपले पत्रव्यवहारी सदस्य करून घेतले.

क्याख्ताची मोहीम

रशियन शासनाने १८३० मध्ये शिलिंग यांच्या नेतृत्वाखाली एक मोहीम पूर्व सायबेरियात पाठविली. बैकाल सरोवराच्या पलीकडे, चिनी साम्राज्याच्या सीमेवर क्याख्ता नावाचे गाव आहे. १७२७ च्या तहानंतर रशिया व चीन यांचा व्यापार मुख्यतः याच ठिकाणी होत असे. रशियाची लोकरी केसाळ कातडी तिकडे जात आणि चीनचा चहा इकडे येई. मोहिमेत शिलिंग यांच्याबरोबर बिचुरीन होते. प्रसिद्ध कवी अलेक्सांद्र पुश्किन यांनाही या मंडळींबरोबर जाण्याची इच्छा होती. जानेवारी १८३० मध्ये त्यांनी तशी लेखी परवानगी मागितली, परंतु झारने ती नाकारली.

मोहिमेचे हेतू शुद्ध विद्येचे नव्हते. सीमेवरील व्यापाराची स्थिती तपासणे हा एक हेतू होता. दुसरा हेतू अधिक महत्त्वाचा होता. बैकालच्या परिसरातील बुर्यात मंगोल लोकांमध्ये तिबेटी परंपरेचा बौद्ध धम्म रुजलेला होता. त्यांच्या विहारांना 'दात्सान' म्हणतात. बुर्यातांचा धम्म रशियन शासनाने अठराव्या शतकात मान्य केला होता, आणि त्यांच्या प्रमुख धर्मगुरूस 'पंडित खांबो लामा' ही पदवी होती. 'पंडित' हा भारतीय शब्द सायबेरियाच्या हिमप्रदेशात धम्माबरोबर पोहोचला होता. शासनाला आता लामांची संख्या, त्यांचे अधिकार आणि सीमेपलीकडील बौद्ध जगाशी असलेले त्यांचे संबंध यांची नेमकी माहिती हवी होती. माहितीचा उद्देश नियंत्रण हाच होता. लामांविषयीच्या नियमावलीचा मसुदा शिलिंग यांनी तयार केला. पुढे १८५३ मध्ये निराळ्या अधिकाऱ्यांच्या हातून जी नियमावली अमलात आली, तिने पूर्व सायबेरियात ३४ दात्सान आणि २८५ लामा एवढीच मर्यादा घालून दिली. सत्ता जेव्हा भिक्षूंची मोजदाद करू लागते, तेव्हा ती केवळ जिज्ञासेपोटी करीत नाही, हा धडा यातून मिळतो.

तथापि क्याख्ता येथे पोहोचल्यावर शिलिंग यांच्या वेळेचा फार मोठा भाग ग्रंथांच्या शोधात गेला. सुमारे दीड वर्षाच्या वास्तव्यात त्यांनी दात्सानांना भेटी दिल्या, लामांशी परिचय वाढविला, तिबेटी व मंगोल पोथ्या मिळविल्या. जी पोथी विकत मिळत नसे, तिची नक्कल करून घेण्यासाठी त्यांनी बुर्यात लामांना कामास लावले. क्याख्तातील त्यांचे निवासस्थान अशा रीतीने एक लेखनशाळाच बनले. बिचुरीन यांनी तेथील व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी १८३१ मध्ये चिनी भाषेची शाळा सुरू केली. ती याच वास्तव्याची आणखी एक फलश्रुती होय.

दहा कोटी मंत्र आणि कंजूर

शिलिंग यांना सर्वांत अधिक ओढ होती ती कंजूरची. 'कंजूर' म्हणजे बुद्धवचनांचे तिबेटी भाषांतर. विनय, प्रज्ञापारमिता, सूत्रे व तंत्र असे त्याचे मुख्य विभाग आहेत. सातव्या-आठव्या शतकापासून पुढे कित्येक शतके भारतीय आचार्य आणि तिबेटी अनुवादक यांनी शेजारी शेजारी बसून हे कार्य केले. शास्त्रग्रंथ व टीकाग्रंथ यांच्या भाषांतरांचा संग्रह 'तंजूर' या नावाने ओळखला जातो. तिबेटमधील नारथंग विहारात १७३० ते १७३२ या काळात कंजूरचे लाकडी ठसे कोरले गेले आणि त्यांवरून काढलेल्या प्रती दूरदूरच्या विहारांत पोहोचल्या. शंभराहून अधिक जाड खंडांचा हा ग्रंथसंभार मिळविण्यास फार खर्च येई. तो ज्या विहाराकडे असे, त्या विहाराचे ते वैभव मानले जाई. श्रद्धेने पूजिला जाणारा हा ग्रंथ कोण सहजासहजी परक्याच्या हाती देईल?

येथे शिळाछाप मदतीला धावून आला. एका दात्सानातील लामा एक प्रचंड प्रार्थनाचक्र उभारण्याच्या विचारात होते. 'ॐ मणि पद्मे हूँ' हा सहा अक्षरांचा मंत्र कागदावर उमटवून तो कागद चक्राच्या पोटात गुंडाळून ठेवायचा, आणि चक्र फिरविले की मंत्रपठणाचे पुण्य लाभते, अशी त्या परंपरेतील समजूत आहे. लामांना या चक्रात दहा कोटी मंत्र हवे होते. या संख्येचा आवाका लक्षात घ्यावा. एका सेकंदास एक याप्रमाणे अहोरात्र न थांबता मंत्र उमटविले, तरी हे काम पुरे होण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. लाकडी ठशांनी व हातांनी हे काम केव्हा पुरे व्हावे? शिलिंग यांनी सांगितले की हे मंत्र मी तुम्हांला सेंट पीटर्सबर्गहून छापून आणून देतो. एका कागदावर बारीक अक्षरांत अनेक वेळा मंत्र लिहून तो शिळेवर उतरविला की प्रती कितीही काढता येतात. मंत्र छापले गेले, हजारो किलोमीटरांचा प्रवास करून बैकालपार पोहोचले, आणि कृतज्ञतेपोटी लामांनी आपला कंजूर शिलिंग यांना दिला.

हा व्यवहार इतिहासातील एक विलक्षण देवघेव आहे. एका पारड्यात दहा कोटी वेळा छापलेली तीच ती सहा अक्षरे. ती कोणी वाचावयाची नव्हती, तर चक्राच्या पोटात फिरावयाची होती. दुसऱ्या पारड्यात विनय, सूत्रे, भगवंतांचे संवाद, भिक्षुसंघाचे नियम, शंका आणि समाधाने होती. ती वाचण्यासाठीच सांगितली गेली होती, परंतु पूजेच्या वस्त्रात बांधली गेली होती. विहाराला चक्र मिळाले, विद्येला ग्रंथ मिळाला.

लामांची श्रद्धा खोटी होती असे येथे सुचवावयाचे नाही. ज्यांनी शेकडो वर्षे कडाक्याच्या थंडीत हे ग्रंथ जतन केले, त्यांचे ऋण आपण मान्य केलेच पाहिजे. भारतात नालंदा, विक्रमशिला यांसारखी विद्यापीठे नष्ट झाल्यावर जे वाङ्मय आपल्या भूमीतून नाहीसे झाले, ते तिबेटी व मंगोल भिक्षूंच्या श्रद्धेनेच वाचविले. परंतु जतन करणे आणि समजून घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली झाली नाही तर दुसरी अशक्य होते, आणि दुसरी झाली नाही तर पहिली निष्फळ ठरते.

सूचीचे मोल

शिलिंग स्वतः तिबेटी भाषेचे पंडित नव्हते. ते संग्राहक होते, परंतु केवळ कपाटे भरणारे संग्राहक नव्हते. ज्या ग्रंथसंभारात हजाराहून अधिक लहानमोठ्या कृती आहेत, त्यात कोणती कृती कोठे आहे हे कळल्याशिवाय तो वाचता येत नाही, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. म्हणून त्यांनी बुर्यात लामांकडून कंजूरची सूची तयार करून घेतली. ही सूची त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. १८४५ मध्ये विज्ञान अकादमीने ती इसाक याकोब श्मिट यांच्या प्रस्तावनेसह सेंट पीटर्सबर्ग येथे छापली. मुखपृष्ठावर अकादमीचे नाव आहे, श्मिट यांचे नाव आहे. ज्यांनी खंड उघडून, पाने उलटून, प्रत्येक कृतीचे शीर्षक उतरवून काढले, त्या लामांचे श्रम मात्र त्या नावांच्या मागे राहिले. ज्ञानाच्या इतिहासात राबणारे हात आणि मुखपृष्ठावरील नाव यांत अंतर पडते, याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. म्हणूनच या सूचीचे श्रेय सांगताना बुर्यात लामांचा उल्लेख प्रथम केला पाहिजे.

याच काळात हिमालयाच्या दक्षिणेसही अशाच स्वरूपाचे कार्य चालू होते. हंगेरीचे चोमा द कोरोस यांनी लडाख-झांस्कारच्या विहारांत राहून तिबेटीचा अभ्यास केला. १८३४ मध्ये कलकत्त्यात त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला, आणि १८३६ मध्ये कंजूरच्या अंतरंगाचा परिचय करून देणारे त्यांचे विवेचन छापले गेले. नेपाळातील ब्रिटिश अधिकारी ब्रायन हॉजसन यांनी काठमांडूहून बौद्ध ग्रंथांच्या प्रती कलकत्ता, लंडन व पॅरिस येथे पाठविल्या. कलकत्ता आणि सेंट पीटर्सबर्ग अशा दोन टोकांनी बंद दार ढकलले जात होते. श्मिट यांनी तिबेटीचे व्याकरण लिहिले आणि 'वज्रच्छेदिका' या प्रज्ञापारमिता ग्रंथाचे तिबेटीवरून जर्मन भाषांतर केले.

तारायंत्र आणि अखेर

शिलिंग १८३२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला परतले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपल्या राहत्या घरी आमंत्रित मंडळींना विद्युत्-तारायंत्र चालवून दाखविले. विद्युत्-प्रवाहाने चुंबकसूची वळते, हे अर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवून दिले होते. शिलिंग यांनी रेशमी धाग्यांना चुंबकसूच्या टांगल्या आणि प्रत्येक धाग्यावर एक चकती बसविली. चकतीची एक बाजू पांढरी, दुसरी काळी. प्रवाहाच्या दिशेनुसार पांढरी किंवा काळी बाजू समोर येई आणि त्यांच्या जुळणीवरून अक्षर ओळखता येई. प्रत्येक अक्षरासाठी स्वतंत्र तार ओढण्याची गरज त्यामुळे उरली नाही. गुप्तलिपीकाराची संकेत रचण्याची बुद्धी येथे संदेश उघड करण्याच्या कामी आली.

१८३५ मध्ये बॉन येथील निसर्गशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांनी हे यंत्र दाखविले. हायडेलबर्गचे प्राध्यापक मुंके यांनी त्याची प्रतिकृती करून घेतली. ती १८३६ मध्ये विल्यम कुक या इंग्रज तरुणाच्या दृष्टीस पडली. त्यातून प्रेरणा घेऊन कुक यांनी व्हीटस्टन यांच्या सहकार्याने १८३७ मध्ये इंग्लंडमध्ये तारायंत्राचा हक्क नोंदविला. रशियात पीटरहोफ ते क्रोनश्टाट नाविक तळ अशी तार टाकण्याचा आदेश १८३७ मध्ये निघाला, परंतु ते काम हाती घेण्यापूर्वीच ६ ऑगस्ट १८३७ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी शिलिंग यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेले ग्रंथ १८३० च्या दशकात अकादमीच्या एशियाटिक म्युझियमकडे आले. १८१८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज प्राच्य हस्तलिखित संस्था या नावाने सेंट पीटर्सबर्ग येथेच कार्यरत आहे.

ग्रंथ जेथे पोहोचले तेथून पुढे

एखाद्या बीजाचे मोल त्याच्या वृक्षावरून ठरते. शिलिंग यांच्यासारख्यांच्या संग्रहांच्या पायावर रशियात बौद्ध विद्येची एक बलवान परंपरा उभी राहिली. सर्गेई ओल्डेनबुर्ग यांनी १८९७ मध्ये 'बिब्लिओथेका बुद्धिका' ही ग्रंथमाला सुरू केली. फ्योदोर श्चेर्बात्स्की यांनी दिङ्नाग व धर्मकीर्ती यांच्या प्रमाणशास्त्राचा अभ्यास तिबेटी भाषांतरांच्या आधारे केला आणि 'बुद्धिस्ट लॉजिक' हा द्विखंडात्मक ग्रंथ १९३० ते १९३२ या काळात प्रसिद्ध केला. बौद्ध आचार्य केवळ श्रद्धाळू नव्हते, तर जगातील श्रेष्ठ तर्कशास्त्रज्ञांच्या पंक्तीत बसणारे होते, हे त्यांनी पाश्चात्त्य विद्वानांस दाखवून दिले.

या परंपरेचा एक धागा महाराष्ट्र-गोमंतकापर्यंत येतो. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेले, मराठी वाचकांना बुद्धचरित्राची व पाली वाङ्मयाची ओळख करून देणारे आचार्य धर्मानंद कोसंबी १९२९ मध्ये लेनिनग्राडला गेले. तेथे श्चेर्बात्स्की यांच्या पुढाकाराने बौद्ध संस्कृतीच्या अध्ययनाची संस्था नुकतीच स्थापन झाली होती, आणि तेथे पाली जाणणारा पंडित हवा होता. पुढे महापंडित राहुल सांकृत्यायन यांनीही लेनिनग्राडच्या विद्वानांशी नाते जोडले. तिबेटच्या विहारांतून त्यांनी मूळ संस्कृत पोथ्या शोधून आणल्या. त्यात धर्मकीर्तीच्या 'प्रमाणवार्तिका'चाही समावेश होता. या ग्रंथात धर्मकीर्तीने बुद्धिमांद्याची जी लक्षणे मोजली आहेत, त्यात वेदप्रामाण्याबरोबर जातीच्या गर्वाचाही अंतर्भाव आहे. सातव्या शतकातील भारतीय आचार्याचा हा घणाघात भारतात विस्मृतीत गेला होता, आणि तिबेटी विहारांच्या फडताळांत तो जिवंत होता. परदेशी भाषेतील त्या जुन्या खंडांशी आपला संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

इतिहासाने याच परंपरेवर क्रूर आघातही केले. १९३० च्या दशकात सोव्हिएत राजवटीत बुर्यातांचे दात्सान बंद करण्यात आले, पुष्कळसे पाडण्यात आले, हजारो लामांचा छळ झाला. बौद्ध विद्येच्या अनेक तरुण संशोधकांनाही प्राण गमवावे लागले. श्चेर्बात्स्की यांचे शिष्य आंद्रेई वोस्त्रिकोव्ह यांना १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. चक्रे मोडली, मंत्र जळाले. सेंट पीटर्सबर्गमधील ग्रंथ मात्र टिकले. बुर्यात लामांनी एकेकाळी आपल्या हातांनी दिलेले वा उतरवून दिलेले ग्रंथ त्यांच्याच विहारांच्या नाशानंतरही शिल्लक राहिले, ही इतिहासातील वेदनामय परंतु बोधप्रद घटना आहे.

मूल्यमापन

शिलिंग बौद्ध नव्हते. ते साम्राज्याचे निष्ठावंत सेवक होते. त्यांच्या मोहिमेमागे सत्तेचा स्वार्थ होता, आणि ग्रंथसंग्रहामागे विद्वत्तेबरोबर संग्राहकाचा लोभही होता. त्यांना धम्माचा उपासक ठरविणे इतिहासाशी प्रतारणा होईल. परंतु माणसाच्या कार्याचे फळ त्याच्या हेतूपेक्षा पुष्कळदा मोठे असते, हेही तितकेच खरे.

महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आनंदाला सांगितले होते की, आपण धम्म सांगताना आतले आणि बाहेरचे असा भेद केला नाही, आणि आपल्यापाशी आचार्यमुष्टी नाही. आचार्यमुष्टी म्हणजे गुरूने अखेरपर्यंत आपल्या मुठीत लपवून ठेवलेली विद्या. ज्या देशात ज्ञान ऐकणाऱ्या कानांनाही शिक्षा सांगितली गेली, त्या देशात ही घोषणा क्रांतिकारक होती. धम्माची ओळख मुळातच उघडी आहे. ती मूठ जेथे जेथे पुन्हा मिटली, मग ती सत्तेच्या गुप्तलिपीने मिटो, पुरोहितांच्या एकाधिकाराने मिटो किंवा पूजेच्या वस्त्राने मिटो, तेथे तेथे धम्माची हानी झाली.

ग्रंथ उघडला म्हणजे त्यातील प्रत्येक ओळ प्रमाण मानावयाची, असेही नव्हे. कंजूरमध्ये तंत्राचा विभाग आहे. कालौघात शिरलेल्या समजुती आहेत. बुद्धाची वचने पुढे नेणाऱ्यांच्या हातून चुकाही झाल्या, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट दाखविले आहे. जे विवेकाला व तर्काला धरून आहे, जे मानवाच्या कल्याणाशी निगडित आहे, तेच बुद्धवचन मानावे, अशी कसोटी त्यांनी आपल्या हाती दिली. परंतु कसोटी लावण्यासाठी सोने हाती असावे लागते. ग्रंथ बांधलेलाच राहिला तर कसोटी कशाला लावणार? पाली, संस्कृत, तिबेटी व चिनी पाठ शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय मूळ काय आणि मागाहूनची भर काय, हे ठरविता येत नाही. संग्रह, सूची, भाषांतर आणि चिकित्सा या चार पायऱ्या आहेत. शिलिंग व त्यांचे अनाम बुर्यात सहकारी यांनी पहिल्या दोन पायऱ्या बांधल्या. पुढच्या दोन पायऱ्यांचे काम आजही अपुरे आहे, आणि तिबेटी जाणणारे मराठी अभ्यासक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

आपल्या विहारांतून आज ग्रंथांची कपाटे आहेत. त्यांना हार घातले जातात, पौर्णिमेला त्यांच्यापुढे मेणबत्त्या लावल्या जातात. त्या कपाटांच्या किल्ल्या कोणाजवळ आहेत, आणि त्यांतील किती ग्रंथांची पाने वाचनाने मऊ झाली आहेत, हा प्रश्न प्रत्येक विहाराने स्वतःला विचारावा. बैकालच्या काठी एका बाजूस दहा कोटी मंत्र होते आणि दुसऱ्या बाजूस एक ग्रंथ. चक्रे मोडली, ग्रंथ उरला. कारण तो कोणीतरी उघडला होता.